झुकिनी की दुधी?

पोरांना गॅलरीत अवाढव्य फळ वाढवून पाहायचंय? झुकिनी बसकी वाढते, मांडव नको, मोठी कुंडी पुरते. दीड-दोन महिन्यांत फळ धरतं आणि तोडायचं राहिलं तर आठवड्याभरात मनगटाहून जाड होतं. रोज पट्टी लावून मोजायला मजा. पण मुंबईच्या पावसात ती कुजते, नोव्हेंबरात पेरावी. मधमाश्या फिरकल्या नाहीत तर नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायचं, तेही सकाळीच, ऐन शाळेच्या घाईत. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, हे बरं. मात्र वेल ग्रिलवरून थेट शेजाऱ्यांकडे. राक्षसी झुकिनी बियाळ होते, थालीपिठात किसून खपते. जून दुधी वाळवली की खुळखुळा. तरी चार वर्षांच्या पोरासाठी मी झुकिनीच लावेन, त्याला धीर कुठला!