सशांची जोडी विकणारं दुकान: पाचपैकी दोन तारे

दुकानाचं नाव लिहीत नाही. पुण्यात अशी दुकानं बरीच आहेत.

जानेवारीत वेताळ टेकडीवर फिरायला गेले होते, तेव्हा ग्लिरिसिडियाच्या झुडपाखाली एक पांढरा ससा बसलेला दिसला. शेजारी दोन गाजरं आणि कोबीचं पान. सोडणाऱ्याने मायेनेच ठेवलं असणार. मी उचलला तरी तो पळाला नाही, कारण पळायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. आपल्याकडे रानातल्या आणि पाळीव, दोघांनाही ससाच म्हणतात, तिथेच घोळ होतो. टेकडीवरचा ससा भुरकट, गवतात अंग चोरून बसणारा, जन्मतःच डोळे उघडे असलेला. दुकानातला हा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज, पिंजऱ्यात वाढलेला. पांढऱ्याशुभ्र रंगाने तो कुत्र्यांना लांबूनच दिसतो. त्याला ‘मोकळा सोडला’ म्हणतात. मी टाकून दिला म्हणते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड आजही १० ते ५० रुपये.

त्या सशासाठी वाळलेलं गवत आणायला या दुकानात गेले. दुकान स्वच्छ आहे, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या, मुलगा नम्र. दोन तारे त्याचे. गवत मात्र नव्हतं. सशाचं पोटच गवतावर चालतं, दात जन्मभर वाढतात आणि ते गवत चावूनच झिजतात. विचारलं तर म्हणाला, “गाजर, पालक, काहीही खातो, ताई.” गाजरात साखर फार, ते जिभेला चव म्हणून तुकडाभर द्यायचं. पिल्लं जेमतेम महिन्याची होती. आठ आठवडे तरी आईजवळ हवीत. “लहानच खपतात,” हे त्याचं उत्तर. पिंजऱ्याचा तळ तारेच्या जाळीचा, त्याने पायाच्या तळव्यांना जखमा होतात. आणि “तीन-चार वर्षं जगतो”! माझ्या सशाच्या डॉक्टरांनी आठ ते बारा वर्षं सांगितली आहेत. चौथीतली मुलगी कॉलेजात जाईपर्यंत.

तेवढ्यात एक बाबा मुलीच्या वाढदिवसासाठी जोडी घ्यायला आले. “दोन्ही माद्याच आहेत,” असं त्यांना सांगितलं गेलं. एवढ्या लहान वयात ते ओळखणं अवघड असतं, चुकलं तर काही महिन्यांत घर पिल्लांनी भरतं. गाभणकाळ महिनाभराचाच, आणि व्यायल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते. हे सगळं मी तिथेच उभी राहून सांगितलं. मुलीने खोका छातीशी धरला होता. जोडी त्यांनी घेतलीच. मी माझा नंबर दिला.

बारा दिवसांनी रात्री साडेनऊला फोन आला. “एक ससा सकाळपासून खात नाहीये, उद्या बघू का?” उद्या नाही, म्हटलं, आत्ता निघा. ससा दहा-बारा तास खाल्ल्याशिवाय राहिला की आतडी थांबतात. ते निघाले. ससा वाचला. डॉक्टरांनी जोडी तपासली, तर एक नर निघाला. आता दोघांना वेगळं ठेवलंय, नसबंदीच्या शस्त्रक्रियेची तारीख घेतली आहे.

परवा पुन्हा दुकानात गेले. काउंटरमागे वाळलेल्या गवताची एक गोणी होती. मी चार किलो घेतलं. पिंजऱ्यात पिल्लं तेवढीच लहान होती.