स्केटिंग रिंक, भाड्याचे स्केट आणि ६०८ नंबरचं बेअरिंग

रिंकवर जायचं का? जा. भाड्याचे स्केट घ्यायचे का? आधी चाक हातानं फिरवून बघा. घाई असेल त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल, पुढं बरंचसं बेअरिंगबद्दलच आहे, म्हणजे ज्यावर चाक फिरतं त्या आतल्या गोळ्यांच्या कडीबद्दल.

उन्हाळ्याच्या सुट्टीपासून आम्ही सांगलीतल्या एका रिंकवर जातोय. चौथीतली मुलगी, तिच्याहून थोडा मोठा भाचा, आणि कठड्याला खुर्ची लावून बसणाऱ्या सासूबाई. नाव लिहीत नाही, कारण यातलं बरंचसं भाड्यानं स्केट देणाऱ्या कुठल्याही ठिकाणाला लागू पडेल. भाड्याच्या स्केटसह तासाला एकशेवीस रुपये, स्वतःचे स्केट असतील तर सत्तर. डिपॉझिट तीनशे.

जुलैतल्या एका रविवारी मुलीच्या उजव्या स्केटचं पुढचं चाक चालता चालता अडकलं. ती गुडघ्यावर आली, पॅड होतं म्हणून निभावलं, दोन मिनिटांत भाच्याच्या मागं लंगडत पळायलाही लागली. भांडण लागलं ते काउंटरवर.

"मॅडम, पोरीनं आपटलंय चाक. डिपॉझिटमधनं कट होणार बघा."

मी म्हटलं, "दादा, तेरा नंबरचा पाना आहे का?"

मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. बेअरिंगचे खोके रोज माझ्याच हाताखालून जातात, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. नट काढला, चाक उतरवलं, बेअरिंग बाहेर काढलं. तपकिरी झालेलं, गोळ्या जागेवर चिकटलेल्या. आपटलं तर बेअरिंग चेपेल, फुटेल. गंजणार नाही. गंजायला पाणी लागतं आणि दिवस लागतात, आम्हाला येऊन तर अर्धा तास झाला होता. पाणी कुठून आलं तेही तिथूनच दिसत होतं. मागं नळापाशी स्केटची रांग मांडलेली आणि एक पोरगं पाईप धरून सगळे धूत होतं.

सगळा घोळ इथं आहे. स्केटचं बेअरिंग बहुतेक ६०८ असतं. आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. एका चाकात दोन, म्हणजे चार-चार चाकांच्या जोडीत १६. हा काही स्केटसाठीच बनवलेला खास प्रकार नाही, छोट्या यंत्रांतही हेच माप चालतं. रिंकवाल्यांच्या स्केटमध्ये झेडझेड होतं, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. त्या झाकणाच्या कडेला बारीक फट असते. धूळ बऱ्यापैकी अडते, पण पाईपचा फवारा मारला की पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि मग पावसाळी हवेत ते लोखंड काय करणार? आमच्याकडं साधं ६०८ तीस-पस्तीसला पडतं. म्हणजे तीनशे रुपयांत एका पायाची आठही बेअरिंगं नवी येतात आणि वर वीस रुपये उरतात. हे लोक एका बेअरिंगचे तीनशे कापायला निघाले होते!

मालक आले. बेअरिंग हातात घेऊन बघितलं आणि काही न बोलता डिपॉझिट परत दिलं, हे त्यांच्या बाजूनं लिहिलं पाहिजे. पण जाता जाता म्हणाले, "ताई, आता एबेक नऊची मागवतो, म्हणजे प्रश्नच मिटला."

नाही मिटत. एबेकचे १, ३, ५, ७, ९ हे आकडे बेअरिंगची मापं किती काटेकोर आहेत तेवढंच सांगतात. पोलाद कुठलं, ग्रीस कसलं, पाण्यात टिकेल का, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. नऊ नंबरचं बेअरिंगही पाईपखाली धरलं तर गंजेल, फक्त महागात गंजेल. दुकानदारही 'एबेक ७' चं स्टिकर दाखवून स्केटमागे पाच-सहाशे जास्त सांगतात. रिंकवर गोल गोल फिरणाऱ्या पोराला त्यानं काडीचा फरक पडत नाही.

त्या आठवड्यातच मिरजेतल्या एका ओळखीच्यांकडून वापरलेले क्वाड स्केट, म्हणजे दोन चाकं पुढं आणि दोन मागं असलेले, नऊशेला घेतले. बूट चांगले, टाचेचा पट्टा थोडा सैल, बेअरिंगं खरखरणारी. सोळाच्या सोळा काढून टाकली आणि रबरी सीलची, टू आरएस, चाळीसच्या भावानं बसवली. या सीलमुळं चाक हातानं फिरवलं तर लवकर थांबतं, त्यावर भाच्यानं नाक मुरडलं. पण पोरगी वर उभी राहिली की वजनापुढं तो फरक कळतही नाही आणि धूळपाणी आत जात नाही. एकूण खर्च पंधराशे चाळीस. तासामागे पन्नास वाचतात, म्हणजे तीसेक तासांत पैसे सुटतात. दिवाळीच्या सुट्टीत सुटले.

आता चांगलं. या रिंकची फरशी एक नंबर आहे. सबंध घोटलेली, सांधा नाही, कुठं खड्डा नाही, आणि कोपरे गोल असल्यामुळं शिकणारं पोर कठड्यावर जाऊन धडकत नाही. आमच्या सोसायटीत पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत, तिथं ही फरशी आठवून मुलगी हळहळते. चाकं घेताना त्यांवरचा कडकपणाचा आकडा बघा: ७८ए म्हणजे मऊ, रस्त्याच्या खडबडीला बरी. नव्वदीच्या पुढची कडक, ती रिंकवर पळतात पण बाहेर दात वाजवतात. आणि चाकांची एक कड आधी झिजते, म्हणून अधूनमधून डाव्या पायातली उजव्या पायात, पुढची मागं अशी फिरवून घाला. एवढं केलं तरी चाकं बरीच जास्त चालतात.

तिथले सर पहिल्या दिवशी पळायला शिकवत नाहीत, पडायला शिकवतात. गुडघे वाकवायचे, तोल गेला की बसल्यासारखं खाली यायचं, आणि मुठी मिटायच्या. फरशीवर पसरलेल्या बोटांवरून मागच्याचं चाक जाऊ शकतं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. २०२५ मध्ये चीनमधल्या जागतिक स्पीड स्केटिंग स्पर्धेत आनंदकुमार वेलकुमारनं १००० मीटरचं सुवर्ण घेतलं, तो व्हिडिओ ते पोरांना मोबाईलवर दाखवतात. परिणाम असा की सगळ्या पोरांना आता इनलाइन, म्हणजे एका ओळीत चाकं असलेले स्केट, पाहिजेत. सर म्हणतात आधी क्वाडवर तोल बसू दे. सरांचं मला फार पटतं, कारण इनलाइनच्या किमती मी विचारून आले आहे.

रिंकवर हेल्मेट, गुडघ्याचं आणि कोपराचं पॅड मिळतं. मनगटाचं मिळत नाही. माझी नणंद फिजिओथेरपिस्ट आहे. पडताना माणूस हात टेकतो, म्हणून स्केटिंगमध्ये मनगटच जास्त मोडतं, असं ती सांगते. हे वाचून म्हणाली, "वहिनी, बेअरिंगवर एवढं पुराण आणि मनगटावर चार ओळी?" बरोबर आहे तिचं. पण मनगटाचं गार्ड नाही हे दिसतं, ते विकत आणून घालता येतं. गंजलेलं बेअरिंग झाकणाआड असतं.

मध्ये एका प्रदर्शनात 'आईस स्केटिंग' आलं होतं, पंधरा मिनिटांना दोनशे. सांगलीच्या उन्हात बर्फ कुठला? आत जाऊन वाकून बघितलं तर पांढऱ्या प्लास्टिकच्या जाड पाट्या एकमेकींत अडकवलेल्या. आमच्या कारखान्यात चेनखाली जी घसरपट्टी असते, तिच्याच जातीचं प्लास्टिक. खऱ्या रिंकला खाली थंड द्रवाच्या नळ्यांचं जाळं आणि वर इंच-दीड इंच बर्फ लागतो. देशात अशा जागा थोड्याच आहेत. शिमल्याला १९२० पासून थंडीत उघड्यावरच बर्फ जमवतात. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधलेली रिंक तर नंतर बरीच वर्षं बंद पडून होती. त्यामुळं फसवलं म्हणून मी तिथंच चिडले. पण बर्फाच्या वरच्या थराला जो ओलसर निसरडेपणा असतो तो प्लास्टिकला नाही, पातं अडखळत सरकतं, आणि त्याचाच फायदा झाला. चाकांवर दोन महिने कठडा न सोडणारा आमचा भाचा तिथं हात सोडून उभा राहिला. पुढच्या आठवड्यात रिंकवरही राहिला. दोनशे रुपये वाया गेले असं आता म्हणवत नाही. पण बोर्डावर बर्फ लिहू नये.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी दोन तारे ठरवले होते. गणपतीनंतर परत गेलो तर भाड्याच्या सगळ्या स्केटना नवी बेअरिंगं. मी काउंटरवर उभी राहून एकेक चाक फिरवून बघितलं, मागं रांग लागली, सासूबाई लाजून दुसरीकडं बघत होत्या. सगळी चाकं छान फिरली. तारे साडेतीन केले. निघताना मागं डोकावले, तर नळ चालू, पाईप चालू. ओल्या फडक्यानं पुसा म्हणून मालकांना परत सांगितलं. "सांगतो पोराला" म्हणाले. दिवाळीत दोन स्केट पुन्हा खरखरायला लागले होते. तीन तारे.

बाकी किरकोळ. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, वाढदिवसाच्या पार्ट्या असतात आणि केकचा चुरा फरशीवर येतो. मोजे घरून न्या, तिथं चाळीस रुपये घेतात. हेल्मेटच्या आत रुमाल घाला, का ते घातल्यावर कळेल. शेड तिन्ही बाजूंनी उघडी आहे, तिरका पाऊस आला की कडेची फरशी ओली होते आणि ओल्या फरशीवर कुठलंच चाक धरत नाही. अशा वेळी ते खेळ थांबवतात, हे चांगलं करतात, पण गेलेली वेळ भरून देत नाहीत.

महिन्याच्या पासचंही तेच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडं निघालं की रिंक बंद, आणि पासचे दिवस पुढं ढकलत नाहीत. मी विचारलं तर काउंटरवरचा तोच दादा म्हणाला, "पूर काय आम्ही आणला काय, मॅडम?" जून ते सप्टेंबर पास काढू नका, तासावर जा.