आजीच्या कॅसेटी आणि तपकीर गल्लीतले एक दुकान

पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, व्हीएचएस कॅसेटींवरचे चित्रण संगणकाच्या फाइलमध्ये उतरवून देणारे एक लहानसे दुकान आहे. गेल्या पावसाळ्यानंतर मी तेथे माझ्या आजीने भरलेल्या ५ कॅसेटी दिल्या आणि १९ दिवसांनी त्या फाइलींसह परत आणल्या. दुकानाचे मालक सगळे काम एकटेच करतात आणि गर्दी झेपणार नाही म्हणून नाव छापू नका, असे त्यांनी सांगितल्यामुळे नाव देत नाही. मात्र त्या गल्लीतल्या कोणत्याही टीव्ही दुरुस्तीवाल्याला ‘कॅसेटवाले काका कुठे बसतात’ असे विचारले की तो बरोबर जिना दाखवतो.

या कॅसेटींवर काय होते, हे सांगितल्याशिवाय कामाचे मोल कळणार नाही. १९९४ साली दूरदर्शनवर दुपारच्या वेळेत ‘शांती’ सुरू झाली आणि आमच्या घरातली दुपारची झोप संपली. पुढे ‘स्वाभिमान’ आली, आणि मग मुंबई केंद्रावर ‘दामिनी’, मराठीतली पहिली दैनंदिन मालिका. मंदिरा बेदी यांची शांती आणि प्रतीक्षा लोणकर यांची दामिनी, दोघीही पत्रकार. मोठ्या माणसांना तोंडावर प्रश्न विचारणाऱ्या. सातवीनंतर शाळा सुटलेल्या माझ्या आजीला याच गोष्टीचे अप्रूप होते. नारायण पेठेतल्या वाड्यात आमच्या कौलांवर अँटेना होती, तिचे तोंड सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे असे, आणि वारा सुटला की मला वर चढवून खालून ‘थोडं डावीकडे, आता थांब’ अशी आरोळी दिली जाई. मालिकेच्या वेळी शेजारच्या दोन काकू परातीत निवडायचे धान्य घेऊन येत. शीर्षकगीत लागले की बोलणे बंद, पण हात चालू.

आई मात्र या बैठकीत कधीच नसे. ती सरकारी कार्यालयात नोकरीला होती आणि पीएमटीची बस पकडून घरी येईपर्यंत पावणेसात होत. म्हणून वडिलांनी याच तपकीर गल्लीतून एक वापरलेला व्हीसीआर आणला आणि आजीला ‘रेकॉर्ड’ व ‘प्ले’ ही दोन बटणे एकदम दाबायला शिकवले. त्यानंतर कित्येक महिने आजीने सुनेसाठी रोजचा भाग भरून ठेवला. जाहिरात लागली की ती ‘पॉज’ दाबून ठेवी आणि मालिका परत आली की सोडी, कारण जाहिराती गाळल्या की ३ तासांच्या कॅसेटवर ६ ऐवजी ८ भाग बसतात, हा हिशेब तिने स्वतःच बसवला होता. रात्री जेवणे आटोपली की आई आणि आजी तोच भाग बरोबर बसून पाहत. आजीने तो दुपारी पाहिलेला असे, तरी पुढे काय होणार हे तिने आईला एकदाही आधी सांगितले नाही. पडद्यावरच्या सासवा तेव्हा काय काय करत असत, ते सर्वांना आठवत असेल. आमच्या घरी सासू सुनेसाठी कॅसेट भरत होती, आणि मला आजही ही गोष्ट त्या काळातल्या कोणत्याही मालिकेपेक्षा मोठी वाटते.

आता कामाविषयी. आमच्याकडचा व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला होता. नवा घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी मानली गेलेल्या जपानच्या फुनाईनेही २०१६ साली उत्पादन थांबवले. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी यांपैकी एक कॅसेट शहरातल्याच दुसऱ्या, बऱ्यापैकी चकचकीत दुकानात देऊन पाहिली होती. तेथून आलेल्या फाइलमध्ये चित्र आताच्या रुंद टीव्हीच्या मापात ताणलेले होते, सगळ्यांचे चेहरे आडवे पसरले होते, आणि भागांमधली जोडणीची ठिकाणे ‘स्वच्छ’ करून टाकली होती. त्या माणसांनी माझ्या सोयीसाठीच ते केले असणार, पण ती फाइल पाहताना मला रडू आले, कारण जे पुसले गेले होते तेच मला हवे होते. आजीचे बोट ‘पॉज’वर पडले की चित्र क्षणभर वाकते, वर एक रंगीत पट्टी सरकते, आणि ती कधी एखादा सेकंद उशिरा दाबते म्हणून साबणाच्या जाहिरातीचा पहिला शब्द आत येतो. आजीचा आवाज आमच्याकडे कुठेही ध्वनिमुद्रित नाही. तिच्या हाताची एवढीच खूण या फितींवर आहे.

कॅसेटवाल्या काकांना मी हे सगळे सांगितले नव्हते. त्यांनी कॅसेटी टेबलावर ओळीने मांडल्या, प्रत्येकीचे पुढचे झाकण अंगठ्याने उघडून बॅटरीच्या उजेडात फीत पाहिली आणि दोन कॅसेटी बाजूला काढल्या. त्यांच्या फितीच्या कडेवर मिठासारखे पांढरे कण होते. ती बुरशी. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटींना ती हमखास धरते, आणि अशी कॅसेट तशीच यंत्रात घातली तर फीत वाचणारे हेड खराब होते व पुढच्या कॅसेटींनाही लागण होते, असे त्यांनी समजावले. मग पाच स्क्रू काढून त्यांनी कवच उघडले आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या मऊ कापडामधून अर्ध्या इंची फीत हाताने, अगदी हळू, एका रिळावरून दुसऱ्या रिळावर फिरवायला सुरुवात केली. कापडाची जागा ते दर थोड्या वेळाने बदलत. मी सुमारे वीस मिनिटे उभी राहून पाहत होते. त्या वेळात जेमतेम चौथाई फीत झाली असेल.

त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला, त्यासाठीच मी हे परीक्षण लिहीत आहे. ‘ताई, मधले झटके ठेवू की काढू? घरी भरलेल्या कॅसेटींचे मी शक्यतो काढत नाही.’ मी म्हटले, काही काढू नका, पडद्यावर धावणाऱ्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्यासुद्धा ठेवा.

त्यांनी खरोखर मुंग्यासुद्धा ठेवल्या, आणि त्यामुळेच एक गोष्ट हाती लागली. आजी काटकसरी होती, पाहून झालेल्या भागांवरच नवे भाग भरायची. तिसऱ्या कॅसेटच्या शेवटी ‘दामिनी’चा भाग मध्येच तुटतो, पडद्यावर सात-आठ सेकंद मुंग्या धावतात, आणि मग खालच्या थरातून जुनी ‘शांती’ वर येते. साधारण दीड मिनिट, तेही एका वाक्याच्या मधूनच सुरू होणारे. दुसऱ्या कोणी ते फालतू म्हणून छाटले असते.

फाइली ७२० बाय ५७६ या मूळ पाल पद्धतीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्ही प्रसारणाच्या मापात आहेत, चित्र चौकोनीच ठेवलेले आहे आणि आजच्या पडद्यावर हालचालींत येणाऱ्या करवती रेषा नीट काढलेल्या आहेत. चित्राच्या तळाशी एक थरथरती पट्टी दिसते. ती जुन्या टीव्हीच्या चौकटीआड झाकली जात असे, आता पूर्ण चित्र दिसते म्हणून तीही दिसते, हे त्यांनी आधीच सांगितले होते. रंग फिके आहेत. तो फितीचा दोष आहे, कामाचा नाही. एका कॅसेटमध्ये आवाज फार बारीक आला आहे आणि तो मात्र वाढवून देता आला असता, असे मला वाटते. मी तसे कळवल्यावर त्यांनी ती फाइल पुन्हा करून देण्याचे कबूल केले आहे.

दर ३ तासांच्या कॅसेटला ४५० रुपये, बुरशी काढण्याचे प्रत्येकी १५० रुपये वेगळे. एक कॅसेट एलपीवर, अर्ध्या वेगाने भरलेली निघाली, म्हणजे तिच्यावर ६ तास होते, तेव्हा तिचे दुप्पट लागले. एकूण ३,००० रुपये झाले. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो, घाई करता येत नाही, हे लक्षात घेता मला हा दर रास्त वाटतो. तक्रार एकच: १२ दिवस सांगून १९ दिवस लागले आणि मधल्या काळात फोन उचलला गेला नाही. ज्यांच्याकडे एकच प्रत आहे, त्यांचा जीव अशा वेळी टांगणीला लागतो. पावती मागून घ्यावी लागते, ती अवश्य मागा. गल्लीत गाडी लावायला जागा नाही. मंडई मेट्रो स्थानकावरून चालत जाणे सर्वांत सोपे. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, त्यामुळे वयस्कर माणसांनी स्वतः न जाता कोणाकडून कॅसेटी पाठवाव्यात.

कॅसेटींवरची लेबले खरवडून स्वच्छ करून नेऊ नका, हेही सांगायला हवे. काकांनी प्रत्येक फाइलला लेबलावरचेच शब्द नाव म्हणून दिले आहेत, आणि आजीचे अक्षर त्यांना जेथे लागले नाही तेथे फोटो पाठवून मला विचारले. त्या रविवारी कोथरूडच्या घरी आईला मध्ये बसवून आम्ही पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. पहिला झटका आला तेव्हा आई लगेच म्हणाली, ‘आईंनी उशीर केला बघ, कुकर लावत असतील.’ मग तिने रिमोट मागून घेतला आणि यादीतली चौथी फाइल स्वतः निवडली. तिचे नाव आहे: ‘सोम मंगळ बुध शुक्र. गुरुवारी लाइट नव्हती. शेजारच्या काकूंना विचारणे.’