अकॅडेमिक वर्ड लिस्ट, अँकी आणि दोनशे पानी वही : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनपासून या मार्चअखेरपर्यंत मी शास्त्रीय लेखनाचे इंग्रजी सुधारण्यासाठी तीन साधने नियमित वापरली. पहिले, अकॅडेमिक वर्ड लिस्ट ही शब्दयादी. दुसरे, ती पाठ करण्यासाठी अँकी हे कार्डांचे ॲप. आणि तिसरे, मँचेस्टर विद्यापीठाचे अकॅडेमिक फ्रेजबँक हे संकेतस्थळ. यांच्या जोडीला एक दोनशे पानी वही होती. ती सुरुवातीला केवळ टिपणांसाठी घेतली होती, पण आज मागे वळून पाहता खरे काम तिच्यातच झाले असे मला वाटते, म्हणून तिच्याविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे.

मी सत्तरी तालुक्यातली. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेले. गोव्यातल्या पुष्कळ मुलांचा हाच मार्ग असल्यामुळे पुढची अडचण अनेकांना ओळखीची वाटेल. विज्ञान आम्ही इंग्रजीतूनच शिकतो, त्यामुळे पारिभाषिक संज्ञा आम्हाला अडत नाहीत. ‘टायट्रेशन’, ‘ऑस्मोसिस’, ‘सॅलिनिटी’ हे शब्द तोंडात बसलेले असतात. अडतात ते या संज्ञांना एकमेकींशी जोडणारे शब्द, म्हणजे एखादी गोष्ट दुसरीमुळे घडते, तिच्याशी विसंगत ठरते, तिच्यावरून अनुमान काढता येते, असे सांगणारे शब्द. एम.एस्सी.च्या प्रबंधिकेसाठी मी पूर्वसंशोधनाचा आढावा लिहायला बसले तेव्हा शोधनिबंध समजत होते, पण त्यांतला आशय लिहायचा म्हटले की मूळ लेखकाचेच वाक्य हाताखाली उतरत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला (इतरांच्या लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराला) दंड नाही आणि १० ते ४० टक्के हा पहिला दंडनीय स्तर आहे. माझ्या पहिल्या मसुद्यातले साम्य १० टक्क्यांच्या बरेच पुढे गेले होते. चोरी करण्याचा हेतू मनात नव्हता. ते वाक्य दुसऱ्या कोणत्याही प्रकारे लिहिता येईल हे मला दिसतच नव्हते.

शब्दयादीपासून सुरुवात करते. अकॅडेमिक वर्ड लिस्ट न्यूझीलंडमधील भाषाअभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी तयार केली आणि ती २००० साली प्रसिद्ध झाली. कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान या चार शाखांतील सुमारे ३५ लाख शब्दांचे लेखन तपासून, सर्वसामान्य वापरातले दोन हजार शब्दगट वगळून, त्यांनी ५७० शब्दगट निवडले. एका गटात मूळ शब्द आणि त्याची सर्व रूपे येतात. त्यांनी तपासलेल्या शास्त्रीय लेखनातील सुमारे १० टक्के शब्द या यादीतले होते, तर कथा-कादंबऱ्यांत हेच प्रमाण १.४ टक्के निघाले. हा आकडा वाचल्यावर मला माझ्या एका जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, कारण मी इंग्रजी कादंबऱ्या बऱ्यापैकी वाचलेल्या असूनही प्रबंधिका लिहिताना त्यांचा फारसा उपयोग होत नव्हता.

यादी वारंवारतेनुसार दहा भागांत विभागलेली आहे आणि पहिला भाग सर्वाधिक येणाऱ्या शब्दांचा आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र ती आहे त्या क्रमाने पाठ करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. यादी चारही शाखांसाठी असल्यामुळे पहिल्याच भागात ‘लेबर’, ‘इन्कम’, ‘लेजिस्लेट’, ‘एक्सपोर्ट’ असे शब्द येतात. मी हे सगळे निष्ठेने पाठ केले. ते वाया गेले असे म्हणणार नाही, पण ‘डिराइव्ह’, ‘इंटरप्रेट’, ‘ऑब्टेन’, ‘कन्सिस्टंट’ या शब्दांची गरज मला त्याआधी होती.

अँकीविषयी थोडक्यात लिहिते, कारण हे ॲप बहुतेकांना माहीत आहे. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ते विनामूल्य मिळते, आयफोनवर मात्र विकत घ्यावे लागते. जो शब्द आठवला तो जास्त दिवसांनी आणि जो विसरला तो लगेच पुन्हा समोर येतो. इंटरनेटशिवाय चालत असल्यामुळे वाळपईहून पणजीला येताना कदंबच्या बसमध्ये, जिथे नेटवर्क मधूनमधून जाते, तिथेही माझी उजळणी चालू राहिली. रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. खंड पडला तर मात्र साचलेली कार्डे परत आल्यावर एकदम अंगावर येतात. चवथीच्या, म्हणजे गणेशोत्सवाच्या, दिवसांत घरी माटोळी (गणपतीवरचे फळाफुलांचे छत) बांधण्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळी कामे होती आणि सात दिवस मी ॲप उघडले नाही. परतल्यावर कितीतरी कार्डे थकली होती आणि ती पाहून अभ्यास सोडून द्यावासा वाटला. त्यानंतर मी नव्या शब्दांची संख्या रोज दहावर आणली आणि सणासुदीच्या आधी आठवडाभर नवे शब्द पूर्ण थांबवू लागले. हा उपाय लागू पडला.

पहिल्या दोन महिन्यांत माझी मोठी चूक झाली ती दुसऱ्या कोणीतरी बनवलेला तयार कार्डसंच उतरवून घेण्याची. त्यात ‘कॉन्सन्ट्रेट’ या शब्दापुढे एकाग्र होणे एवढाच अर्थ होता. रसायनशास्त्रात ‘कॉन्सन्ट्रेशन’ म्हणजे संहती, द्रावणातले पदार्थाचे प्रमाण, आणि मला रोज लागणारा अर्थ तोच होता. ‘कल्चर’पुढे संस्कृती होती, प्रयोगशाळेतले जीवाणूंचे संवर्धन नव्हते. ‘व्हॉल्यूम’पुढे ग्रंथाचा खंड होता, आकारमान नव्हते. ‘कंडक्ट’ हा शब्द तर तांब्याची तार वीज वाहून नेते तेव्हाही येतो आणि संशोधक सर्वेक्षण करतो तेव्हाही येतो. दोन्ही अर्थ एकाच कार्डावर कोंबले की नेमका हवा तो आठवत नाही.

ऑगस्टमध्ये मी तो संच काढून टाकला आणि स्वतःची कार्डे बनवू लागले. प्रत्येक कार्डावर मी वाचत असलेल्या शोधनिबंधातले एक पूर्ण वाक्य, त्यात त्या शब्दाच्या जागी रिकामी जागा आणि मागच्या बाजूला तो शब्द, त्याचा त्या वाक्यातला मराठी अर्थ आणि त्याच्यासोबत येणारे क्रियापद किंवा शब्दयोगी अव्यय. कार्ड बनवायला तीन-चार मिनिटे जातात, पण बनवतानाच अर्धा शब्द पाठ होतो. आजमितीला माझ्या संचात तीनशेच्या आसपास कार्डे आहेत. ५७० गट पूर्ण करण्याचा हट्ट मी सोडला आहे.

शब्द वाढले तरी परिच्छेद स्वतःच्या शब्दांत मांडणे काही जमेना, आणि या टप्प्यावर मी जे करत होते ते अनेक विद्यार्थी करतात. मूळ वाक्य समोर ठेवायचे आणि त्यातला एकेक शब्द काढून त्याच्या जागी समानार्थी शब्द बसवायचा. नवे शब्द हाताशी आल्यामुळे ही सवय उलट वाढली. मार्गदर्शक मॅडमनी माझ्या एका पानावर फक्त एका शब्दाभोवती वर्तुळ काढले. मूळ निबंधात दोन ठिकाणच्या नमुन्यांतला फरक ‘सिग्निफिकंट’ आहे असे म्हटले होते आणि मी त्याच्या जागी ‘इम्पॉर्टंट’ लिहिले होते. संख्याशास्त्रात त्या शब्दाचा अर्थ एवढाच की, प्रत्यक्षात फरक नसता तर निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता आधी ठरवलेल्या मर्यादेहून कमी आहे. असा फरक अगदी क्षुल्लकही असू शकतो. एका शब्दाच्या बदलाने मी मूळ संशोधकाच्या तोंडी त्याने न केलेले विधान घातले होते.

आपोआप वाक्ये बदलून देणारी संकेतस्थळे हीच चूक घाऊक प्रमाणात करतात. २०२१ साली काही संशोधकांनी प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून अशी विद्रूप वाक्ये शोधून त्यांना ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’ असे नाव दिले. त्यांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे ‘बूझम पेरिल’ झालेले आढळले होते. पारिभाषिक संज्ञा बदलायची नसते, हा नियम मला कोणी पहिल्या वर्षीच ठळकपणे सांगायला हवा होता.

वहीचा खरा उपयोग इथून सुरू झाला. त्या वेळी मी आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात पावसाळ्याच्या शेवटी ऑक्सिजन का कमी होतो, हा भाग वाचत होते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातले कमी ऑक्सिजनचे थंड पाणी किनाऱ्याकडे वर सरकते आणि त्याच वेळी पाऊस व नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर त्याच्यावर पसरतो, असा त्याचा आशय. रविवारी घरी असताना आईने विचारले म्हणून मी तिला तो मराठीत सांगितला. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “मग वरचं पाणी खाली ढवळलं जात नाही का गं?” मला उत्तर देता आले नाही. निबंध पुन्हा उघडून पाहिला तेव्हा कळले की सगळा मुद्दा तोच होता. गोड्या पाण्याचा थर हलका असल्यामुळे पाणी वरखाली मिसळत नाही, हवेतला ऑक्सिजन खालपर्यंत पोहोचत नाही, आणि खाली आहे तो सेंद्रिय पदार्थ कुजताना खर्च होतो. हे वाक्य मी तीनदा ‘स्वतःच्या शब्दांत’ लिहून मोकळी झाले होते आणि मला ते समजलेले नव्हते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. परिच्छेद दोनदा वाचायचा, पान बंद करायचे आणि वहीच्या डाव्या पानावर तो मराठीत लिहायचा, आईला किंवा धाकट्या भावाला कळेल इतका सोपा. मग मूळ निबंध न पाहता त्या मराठीवरून उजव्या पानावर इंग्रजी लिहायचे. शेवटी मूळ उघडून दोन गोष्टी तपासायच्या : आशय बिघडला आहे का आणि एखादा संपूर्ण वाक्यखंड जसाच्या तसा आला आहे का. आल्यास तो बदलायचा, आणि आला नसला तरी संदर्भ द्यायचाच, कारण शब्द आपले झाले तरी शोध दुसऱ्याचा असतो.

ही पद्धत चालते याचे कारण मला आपल्या भाषेच्या घडणीत दिसते. इंग्रजी निबंधात परिणाम आधी आणि कारण मागून, शिवाय दोन-तीन उपवाक्ये एकात एक अडकवलेली, अशी रचना वारंवार असते. मराठीत सांगताना आपण कारणाला ‘मुळे’ लावून ते आपसूक पुढे आणतो आणि गुंतलेले वाक्य सोडवून दोन-तीन सरळ वाक्ये करतो. म्हणजे वाक्यरचना बदलण्याचे जे काम इंग्रजीत राहून जबरदस्तीने करावे लागते, ते मराठीतून जाताना होऊनच जाते. परतताना इंग्रजी वाक्य नव्याने बांधावे लागते आणि ते माझे असते. प्रयोगशाळेतली माझी पेडण्याची मैत्रीण हेच कोकणीतून करते आणि तिलाही तसाच अनुभव आला.

एक धोका मात्र सांभाळावा लागतो. निबंधात ‘सजेस्ट’, ‘इंडिकेट’ आणि ‘डेमन्स्ट्रेट’ ही क्रियापदे चढत्या खात्रीने येतात. मराठीत उतरवताना माझ्याकडून तिन्हींचे ‘दिसून आले’ होत असे आणि परत इंग्रजीत जाताना नुसता अंदाज सिद्ध निष्कर्ष बनत असे. आता पहिल्यासाठी ‘असे सुचते’, दुसऱ्यासाठी ‘असे दिसते’ आणि तिसऱ्यासाठी ‘सप्रमाण दाखवले’ असे शब्द मी वहीच्या मुखपृष्ठाच्या आतच लिहून ठेवले आहेत.

फ्रेजबँकचा उपयोग या उजव्या पानासाठी होतो. मँचेस्टरच्या जॉन मॉर्ली यांनी संकलित केलेल्या या संग्रहात पूर्वसंशोधनाचा उल्लेख, पद्धतीचे वर्णन, निष्कर्षांची चर्चा, सावधपणे विधान करणे अशा प्रयोजनांनुसार वाक्यांचे सांगाडे दिले आहेत. ते आशयविरहित असल्यामुळे वापरणे वाङ्मयचौर्य ठरत नाही. पण पर्याय इतके आहेत की आधी तिथे जाऊन मग लिहायला बसले तर तासभर निवडण्यातच जातो. मी प्रथम लिहिते आणि अडलेल्या जागेपुरतीच तिथे जाते.

पद्धतीचे प्रकरण लिहिताना यांतले काहीच फारसे उपयोगी पडले नाही. पाण्यातला ऑक्सिजन मोजण्याच्या विंकलर पद्धतीत मँगनीज क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घालणे, अवक्षेप आम्लात विरघळवणे आणि सुटलेल्या आयोडीनचे थायोसल्फेटने टायट्रेशन करणे, हा क्रम आणि हे शब्द ठरलेले आहेत. ते मुद्दाम फिरवून लिहिले तर वाचणारा गोंधळतो. तिथे मी मूळ पद्धतीचा संदर्भ दिला आणि आम्ही स्वतः नमुना कुठे, किती वाजता, किती खोलीवर घेतला एवढेच सविस्तर लिहिले.

दहा महिन्यांनंतरही ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मला चुकवतातच, कारण मराठीत ती नाहीत आणि डाव्या पानावरून ती उजव्या पानावर येऊ शकत नाहीत. त्यासाठी मी प्रत्येक नामापाशी थांबून, हे वाचकाला आधीपासून माहीत असलेले पाणी आहे की मी आत्ताच प्रथम उल्लेखलेले, असे स्वतःला विचारते. याला वेळ लागतो. मागच्या शनिवारी पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून चर्चेच्या प्रकरणाची चार पाने अशी तपासली, तेव्हा उपपदांच्या एकोणीस चुका सापडल्या. आढाव्याच्या प्रकरणातले साम्य मात्र आता १० टक्क्यांच्या आत आले आहे आणि मॅडमनी त्यावर एकही वर्तुळ काढलेले नाही. डावी पाने मी आईसाठी ठेवून दिली आहेत. समुद्राविषयीचा पुढचा भाग कधी लिहिणार, असे तिने दोनदा विचारले आहे.