व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स आणि कागदावरचा 'अँटीरॅकिटिक'

आमच्या बाळाला डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स लिहून दिले, सांगलीत विश्रामबागला एका मेडिकलमधून आणले, दोन महिने झाले रोज देतोय म्हणून लिहितोय. ड्रॉप्स चांगलेच आहेत. १ एमएलमधे ४०० आययू म्हणजे १० मायक्रोग्रॅम, तान्ह्या बाळाला रोज साधारण एवढंच सांगतात, ड्रॉपर खुणेपर्यंत भरायचा आणि गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू सोडायचं, बाळ थुंकत नाही. पण घेताना १ एमएलमधे किती आययू ते नीट वाचा, ८०० वालेही मिळतात, चुकून डबल जाईल.

तक्रार फक्त आतल्या कागदाची. सगळं इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं, आणि औषध कसलं तर 'अँटीरॅकिटिक'. आईनं विचारलं म्हणजे काय रे, मेडिकलवाल्यालाही सांगता येईना, मग मीच शोधत बसलो. अँटी म्हणजे विरुद्ध हे माहीत होतं. रॅकिस हा ग्रीक शब्द, पाठीचा कणा, त्यावरून रॅकायटिस म्हणजे कण्याचा रोग, आणि शेवटचं 'इक' आपल्या मानसिक, सामाजिक मधल्या इकसारखंच, विशेषण करणारं. ग्लिसन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १६५० मधे या रोगावर लॅटिनमधे पुस्तक लिहिलं, त्यात हे नाव घेतलं, कारण लोकांच्या तोंडात बसलेल्या 'रिकेट्स' या इंग्रजी नावाशी ते जुळत होतं.

एवढं सांगून होईपर्यंत आई म्हणाली, "अरे मग मुडदूस होऊ नये म्हणून, असं सांग की!" आणि खरंच तेवढंच आहे ते. हाडं मऊ राहतात, पोरगं चालायला लागलं की पाय धनुष्यासारखे वाकतात, तो मुडदूस. मला जास्त आवडलं ते पुढचं, १९२२ मधे मॅकॉलम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कॉड माशाच्या लिव्हरचं तेल तापवून, त्यातून हवा सोडून व्हिटॅमिन ए मारून टाकलं, तरी ते तेल मुडदुसावर चालतच होतं, म्हणजे आत दुसरं काहीतरी होतं, तेच हे डी.

आई बाळाला कोवळ्या उन्हात धरायची, अजून धरते, पण त्वचेत डी बनवणारे किरण त्या उन्हात कमी असतात आणि आईच्या दुधातही डी थोडंच येतं, म्हणून ड्रॉप्स सोडले नाहीत. बाटलीवर चिकटपट्टी लावून पेननं लिहिलंय, 'मुडदूसरोधक, रोज १ एमएल'. आता आईच देते.