घरपोच आलेले कलमी अडेनियम: चौदा महिन्यांनंतरचे मत

एका ऑनलाइन रोपवाटिकेतून मागवलेले दुहेरी पाकळ्यांचे कलमी अडेनियम, म्हणजे फुगीर बुंध्याचे एक फुलझाड, माझ्याकडे येऊन चौदा महिने झाले. रोपाविषयी माझी तक्रार नाही. सोबत आलेल्या, कुंडीत भरायच्या तयार मिश्रणाविषयी आणि माहितीपत्रकाविषयी मात्र निश्चितच आहे.

रोप माती झाडून, मुळे कागदात गुंडाळून पाठवले होते, आणि अडेनियमसाठी ही पद्धत योग्यच आहे, कारण फुगीर बुंध्यात साठवलेल्या पाण्यावर ते प्रवासाचे दिवस सहज काढते. बुंधा टणक होता, कलमाचा सांधा नीट जुळलेला होता. मिश्रण मात्र जवळजवळ निव्वळ कोकोपीटचे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचे निघाले आणि पत्रकात रोज पाणी घालण्याची सूचना होती. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यापासून पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानापर्यंतच्या कोरड्या, खडकाळ जमिनीत वाढणाऱ्या, येमेनमधील एडन बंदरावरून नाव पडलेल्या या झाडाला अशी सूचना घातक ठरते.

मी ती पाळली आणि तिसऱ्या आठवड्यात बुंधा एका बाजूने मऊ पडला. येथे एक फरक ओळखता आला पाहिजे: मिश्रण कोरडे असून बुंधा सगळीकडून सारखाच मऊ लागत असेल, तर झाड तहानलेले असते, मिश्रण ओले असताना एकच भाग दबत असेल, तर कूज लागलेली असते. मी रोप उपटले, पांढरा, घट्ट गाभा दिसेपर्यंत कुजका भाग स्वच्छ सुरीने कापला, जखमेवर बुरशीनाशकाची पूड लावली आणि रोप दहा दिवस सावलीत कोरडे होऊ दिले. नंतर जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे, परलाइट (ज्वालामुखीजन्य खनिजाचे हलके, पांढरे दाणे) आणि थोडे कंपोस्ट यांच्या मिश्रणात, तळाला मोठी छिद्रे असलेल्या उथळ कुंडीत ते लावले, आणि पहिले पाणी आठवडाभराने दिले. तेव्हापासून मिश्रण पूर्ण वाळल्याशिवाय मी पाणी देत नाही. थंडीत पानगळ झाल्यावर तर जवळजवळ बंदच करते.

सातव्या महिन्यात फुले आली आणि रंग छायाचित्राप्रमाणेच निघाला. बीपासून वाढवलेल्या रोपात फुलांच्या रंगाची अशी खात्री नसते. बुंध्याचा घाट मात्र त्यातच अधिक देखणा होतो, हेही नमूद केले पाहिजे. सांध्याखालून येणारे फुटवे मी लगेच काढते, अन्यथा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधले ते मूळ रोपच जोर धरते आणि कलम मागे पडते. ऊन दिवसातून किमान सहा तास हवेच.

पत्रकात आणखी एक उणीव आहे, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. कण्हेरीच्या कुळातील या झाडाचा चीक विषारी असतो, आफ्रिकेत तो बाणांना लावत असत, तरीही हातमोजे घालण्याचा किंवा मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून झाड दूर ठेवण्याचा उल्लेख कोठेही नाही.

मी तेथूनच दुसरे रोप मागवले आहे आणि मिश्रणाची पिशवी पाठवू नये असे कळवले आहे.