नागपूरच्या उन्हाळ्यात कस्टम लूप : नऊ महिन्यांनंतर

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या गेमिंग कॉम्प्युटरला कस्टम लूप बसवला, म्हणजे सुटे भाग निवडून स्वतः जोडलेली, पाणी फिरवून आतले भाग थंड ठेवणारी यंत्रणा. आता जुलै संपत आलाय. मध्ये नागपूरचा अख्खा उन्हाळा जाऊ दिला आणि मगच लिहायला बसलो. जानेवारीत लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. जानेवारीत इथे कुठलंही मशीन थंडच चालतं.

आधी मशीन सांगतो. प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स३डी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०८०, लियान लीची ओ११ डायनॅमिक केस. ३०८० एकटं ३२० वॅट खातं, खेळताना प्रोसेसर साधारण ७० वॅट, म्हणजे पाण्याला ४०० च्या आसपास वॅट बाहेर टाकायचे असतात. माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. दुपारी स्लॅब तापला की रात्री अकरापर्यंत भिंती गरम लागतात. एसी नाही, खिडकीत डेझर्ट कूलर. गेल्या वर्षी मे महिन्यात कार्डाच्या मूळच्या पंखेवाल्या कूलरवर कार्डाची मेमरी १०६ अंशांना जायची आणि कार्डाच्या पंख्यांचा आवाज खालच्या मजल्यावर आईला ऐकू यायचा. या मेमरीची कमाल मर्यादा ११० अंश. तिथून या लूपचा विचार डोक्यात शिरला.

लूप आखताना माझा पहिला महिना चुकीच्या गोष्टींत गेला. कुठला ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) दिसायला छान, ट्यूब कडक घ्यायची की मऊ, पाण्याचा रंग कुठला. खरं तर सुरुवात एकाच आकड्यापासून करायला हवी : भर उन्हाळ्यात, पूर्ण लोडवर, पाणी किती अंशांना पोचलेलं चालेल? पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, ते नेहमी खोलीच्या वर काही अंश राहतं. हा वरचा फरक, म्हणजे डेल्टा, पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर किती मोठा आणि पंखे किती जोरात यावर ठरतो. पुण्याच्या किंवा नाशिकच्या माणसाने १५ अंशांचा डेल्टा धरला तरी त्याचं निभतं. माझ्या खोलीत मे महिन्यात कूलर चालू असूनही ३३ अंश असतात. त्यात १५ मिळवा, पाणीच ४८ वर गेलं.

म्हणून ३६० चे (तीन पंखे बसतील एवढे लांब) दोन रेडिएटर घेतले, ३० मिलीमीटर जाडीचे, एक वर आणि एक खाली. त्यांवर आर्क्टिक पी१२ पंखे, हजार आरपीएमच्या आसपास. जाड रेडिएटर मुद्दाम टाळले. जाड रेडिएटरमधून हवा ढकलायला पंखे जोरात फिरवावे लागतात, आणि मला आवाजच तर कमी करायचा होता.

आता नऊ महिन्यांचे आकडे. जानेवारीत खोली २१, तासभर खेळल्यावर पाणी ३३. मेच्या तिसऱ्या आठवड्यात खोली ३३, पाणी ४५. फरक दोन्हीकडे १२ चा, अगदी ठरवल्यासारखा. त्या मेच्या रात्री कार्डाचा कोअर (मुख्य चिप) ५९ ला थांबला आणि मेमरी ७८ ला. जिथे १०६ पाहिलेत तिथे ७८! मी पंधरा मिनिटं गेम थांबवून तो आकडाच बघत बसलो होतो. कार्डासाठी लूपचा पैसा पूर्ण वसूल झाला.

प्रोसेसरबाबत मात्र अपेक्षा आवरा. ५८००एक्स३डीच्या डायवर (आतल्या सिलिकॉन चिपवर) कॅश मेमरीचा एक थर चढवलेला आहे, आतली उष्णता वर यायलाच वेळ लागतो. ब्लॉक कितीही चांगला बसवा, माझ्याकडे खेळताना जेमतेम ६ ते ७ अंशांचा फरक पडला. फक्त प्रोसेसर थंड करायचा असेल तर कस्टम लूपच्या वाटेला जाऊ नका, प्रोसेसरवर बसणारा चांगला पंखेवाला कूलर पुरे आहे.

ब्लॉक निवडताना कार्डाचा बोर्ड नीट तपासा. ‘३०८० साठी’ एवढं लिहिलेलं असून भागत नाही. कंपन्या आपापले बोर्ड बनवतात, कपॅसिटरची उंची आणि जागा बदलते. मी पहिला ब्लॉक रेफरन्स बोर्डाचा (चिप बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ रचनेचा) मागवला, तो माझ्या कार्डावर बसेना. दुकानदाराने परत घेतला, पण तीन आठवडे गेले.

खर्चात सगळ्यात जास्त चुकतात ती फिटिंग्ज, म्हणजे ट्यूब भागांना जोडणारे आट्यांचे तुकडे. प्रत्येक भागाला दोन : प्रोसेसर ब्लॉक, कार्डाचा ब्लॉक, दोन रेडिएटर, पंप-रिझर्व्हॉयर (पंप आणि पाण्याची छोटी टाकी), म्हणजे दहा तर इथेच झाली. मग चार ९० अंशांची, एक टी, निचऱ्याचा बॉल व्हॉल्व्ह, दोन-तीन प्लग. सगळी जी १/४ आट्यांची. त्यांनाच अकरा हजार गेले. पूर्ण लूप पासष्ट हजारांच्या घरात पडला.

पाणी आधी कुठल्या भागात जातं याला महत्त्व नाही. पंपाच्या आधी आणि वर रिझर्व्हॉयर हवा, पंप कोरडा फिरता कामा नये, एवढंच. बाकी क्रम ट्यूब कशी छोटी पडेल त्यावर ठरवा. माझा डी५ पंप वेगाच्या तिसऱ्या क्रमांकावर तासाला १८० लीटरच्या आसपास पाणी फिरवतो. एवढ्या प्रवाहात ४०० वॅट मिसळले तर लूपमधल्या सगळ्यात गार आणि सगळ्यात गरम पाण्यात दोनच अंशांचा फरक पडतो.

सगळ्यात जास्त भीती गळतीची असते, त्याबद्दल सविस्तर सांगतो. माझा मावसभाऊ एसी दुरुस्तीचं काम करतो. मी टिश्यू पेपर पसरून पाणी भरायच्या तयारीत होतो, तेवढ्यात दादा आला. म्हणाला, “आधी हवा धरून पाहून घे, पाणी मंग टाक.” त्याने हातपंप आणि प्रेशर गेज जोडला, अर्धा बार दाब भरला आणि आम्ही चहा प्यायला बसलो. दहा मिनिटांत काटा अगदी थोडा, जेमतेम दोन रेघा, खाली आला. मला वाटलं, एवढं चालत असेल. दादाने सरळ अर्धा लूप प्लग लावून बंद केला. काटा स्थिर. मग दुसरा अर्धा तपासला. तिथे उतरला. असं अर्धं-अर्धं करत तासाभरात आम्ही कार्डाच्या ब्लॉकवरच्या एका फिटिंगपाशी आलो. ते काढून उजेडात धरलं, तर ओ-रिंगला (गळती रोखणाऱ्या रबरी कड्याला) केसाएवढी चीर. मी ती कोरडीच आवळली होती. कडेला बोटभर पाणी लावून आवळली असती तर चिरली नसती. तो थेंब पडला असता तर पॉवर सप्लायच्या कनेक्टरवरच पडला असता. दादा त्या दिवशी आला नसता तर हा लेख वेगळा झाला असता. प्रेशर टेस्टर विकत घ्या, ब्लॉकच्या आधी घ्या.

पाण्याबद्दल. आरओचं पाणी घालू नका, त्यात क्षार उरतातच. नवा रेडिएटर धुवायला मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी वापरलं, पाच लीटरचे दोन कॅन. गरम करून भरायचं, हलवायचं, ओतायचं. पहिल्या दोन वेळा काळपट कण आणि झाळकामाचा फ्लक्स निघाला, पाचव्या वेळी स्वच्छ आलं. चालवायला मात्र तयार मिळणारं पारदर्शक कूलंटच घातलं, गंजरोधक आणि जंतुनाशक मिसळलेलं. दुधाळ पेस्टल रंगांच्या मोहात पडू नका, त्यातले कण कालांतराने ब्लॉकमध्ये बसतात. आणि लूपमध्ये तांबं असेल तर ॲल्युमिनियमचा एकही भाग येऊ देऊ नका. दोन्ही धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजतं.

माझी खरी चूक ट्यूबमध्ये झाली. पारदर्शक पीव्हीसी ट्यूब लावली होती. मार्चपासून ती धुरकट दिसू लागली, आणि जूनअखेरीस प्रवाह १८० वरून १५० वर उतरला. परवाच्या रविवारी लूप उघडला. प्रोसेसर ब्लॉकच्या सूक्ष्म खाचांवर मेणासारखा पांढरा पापुद्रा बसला होता, भिंगातून बघितल्यावर खाचा अर्ध्या बुजलेल्या दिसल्या. ट्यूब मऊ ठेवायला घातलेला प्लॅस्टिसायझर गरम पाण्यात हळूहळू सुटतो, तोच हा. आमच्याकडे ४५ अंशांचं पाणी रोज फिरतं, त्याने हे लवकर होतं. मऊ ब्रशने अर्धा तास घासून ब्लॉक स्वच्छ केला. आता काळी ईपीडीएम रबराची ट्यूब लावलीय. आतलं पाणी दिसत नाही, पण तिच्यातून असं काही सुटत नाही.

निचऱ्याचा व्हॉल्व्ह सगळ्यात खाली ठेवला होता, त्यामुळे लूप रिकामा व्हायला वीस मिनिटं पुरली. लूप आखतानाच तो कसा उघडणार ते ठरवा, याहून उपयोगी सल्ला माझ्याकडे नाही.

पंख्यांचा वेग पाण्याच्या तापमानावर लावा, प्रोसेसरच्या नाही. प्रोसेसर क्षणात १५ अंश उडी मारतो आणि पंखे उगाच घोंगावतात. पाणी सावकाश तापतं. लूपमध्ये दहा किलोओहमचा सेन्सर बसवून तो मदरबोर्डच्या तापमान हेडरला (पिनांच्या जोडणीला) जोडला, तेव्हापासून पंखे हळूहळूच वर-खाली होतात. पंपाची आरपीएमची तार सीपीयू फॅनच्या हेडरवर लावा, म्हणजे पंप थांबला तर बोर्ड लगेच ओरडतो.

डेझर्ट कूलरची दमट हवा आणि लूप, आत दव जमेल का, असं मला दोघांनी विचारलं. नाही जमत, कारण पाणी खोलीपेक्षा गरमच असतं. धुळीचा त्रास मात्र आहे. खालच्या रेडिएटरची जाळी मे-जूनमध्ये दर दहा दिवसांनी काढली, दर वेळी तिच्यावर खसाच्या ताट्यांचे बारीक तुकडे चिकटलेले. जाळी गच्च झाली की पाणी दोन अंश वर जातं, त्यावरूनच मला कळतं.

ट्यूब बदलल्यावर प्रवाह परत १८० वर आलाय. काल रात्री खोली २९, पाणी ४१. दादाला फोटो पाठवला, त्याने फक्त गेजचा फोटो मागितला.